आकाशांतून तळ्याची खोली

ग्रीनलंडच्या हिमस्तरावर उन्हाळ्यांत वितळलेल्या पाण्याचीं निळीं तळीं साचतात. त्यांची खोली उपग्रह कशी मोजतो? पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषतें, निळा सावकाश. म्हणून तळें जितकें खोल, तितकें छायाचित्रांत गडद निळें. रंगावरून सरासरी खोली काढावी, तिला क्षेत्रफळानें गुणावें, कीं घनफळ मिळालें. तळ मळका असल्यास मात्र हिशेब फसतो. तेव्हां २०१८ सालीं सोडलेल्या आइससॅट-२ उपग्रहाचा हिरवा लेसर किरण पृष्ठभाग व तळ दोन्ही गाठून ताळा देतो.

हा खटाटोप कशासाठीं? २००६ च्या जुलैंत असें एक तळें, सुमारें एक किलोमीटर जाडीचा बर्फ चिरून, दीड तासांत रिकामें झालें. असें पाणी तळाशीं पोंचलें कीं बर्फ कांहीं काळ समुद्राकडे वेगानें सरकतो. म्हणून कोठें किती पाणी सांचलें, हें आधींच कळलें पाहिजे.