आपोआप कापले जाणारे पैसे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठरावीक तारखेला खात्यातून आपोआप वळत्या होणाऱ्या रकमेमागे दोन स्वतंत्र संमती असतात. पहिली संमती ग्राहकाने सेवा देणाऱ्या कंपनीला दिलेली असते आणि तिला सबस्क्रिप्शन, म्हणजे मुदतीगणिक नव्याने लागू होणारी वर्गणी, असे म्हणतात. दुसरी संमती त्याने आपल्या बँकेला दिलेली असते, जिच्या आधारे बँक दर वेळी नव्याने न विचारता कंपनीच्या मागणीनुसार पैसे देते, आणि बँकांच्या व्यवहारात तिचे नाव मँडेट असे आहे. एक संमती संपली म्हणून दुसरी संपत नाही, आणि हे लक्षात न घेतल्यामुळेच या विषयातील बहुतेक गैरसमज निर्माण झाले आहेत. हैदराबादच्या नल्लकुंट्यासारख्या जुन्या मध्यमवर्गीय वस्तीत, जिथे निवृत्तिवेतनावर चालणारी घरे आणि शिकवणीसाठी आलेले विद्यार्थी शेजारी शेजारी राहतात, या गैरसमजांची झळ दोन्ही पिढ्यांना पोहोचते, मग ते घर तेलुगू असो वा मराठी.

गैरसमज: फोनमधून ॲप काढून टाकले की वर्गणी बंद होते.

ॲप काढल्याने फोनमधील जागा मोकळी होते, परंतु वर्गणी चालूच राहते, आणि गूगल व ॲपल या दोन्ही कंपन्यांनी आपल्या मदतपानांवर हे स्पष्टपणे सांगितलेले आहे. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमधील आपल्या चित्रावर बोट ठेवून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ या विभागात गेल्यास, आणि आयफोनवर सेटिंग्जमध्ये सर्वांत वर दिसणाऱ्या आपल्या नावाखाली ‘सबस्क्रिप्शन्स’ उघडल्यास, त्या दुकानामार्फत घेतलेल्या साऱ्या वर्गण्या दिसतात व तिथेच रद्द करता येतात; मात्र कंपनीच्या संकेतस्थळावर थेट पैसे भरून घेतलेली वर्गणी या यादीत येत नाही, ती त्या संकेतस्थळावरच रद्द करावी लागते. मोफत चाचणीच्या मुदतीबाबत ॲपलचा नियम असा आहे की, ती संपण्यापूर्वी किमान २४ तास आधी रद्द न केल्यास पुढील मुदतीचे पैसे आकारले जातात, त्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत थांबणे धोक्याचे ठरते.

गैरसमज: कार्ड बंद केले किंवा त्याची मुदत संपली की सर्व वसुली थांबते.

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक स्वतःकडे साठवता येत नाही. त्याऐवजी टोकन, म्हणजे मूळ क्रमांकाच्या जागी वापरला जाणारा सांकेतिक क्रमांक, ठेवला जातो. परंतु कार्ड बदलणे हा मँडेट रद्द करण्याचा मार्ग नव्हे, आणि मँडेट मुळात कार्डावर नसून यूपीआयवर किंवा थेट बचत खात्यावर असेल, तर कार्ड बंद करण्याचा त्याच्याशी काहीच संबंध येत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे पैसे नेमक्या कोणत्या वाटेने जातात हे पासबुकावरून ओळखणे.

या वाटा मुख्यतः तीन आहेत. कार्डावरील ई-मँडेट बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये दिसते, आणि अनेक बँकांनी यासाठी बिलडेस्क या कंपनीच्या ‘एसआय हब’चा किंवा रेझरपेच्या ‘मँडेटएचक्यू’चा आधार घेतलेला आहे. दुसरी वाट यूपीआय ऑटोपे ही असून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ती जुलै २०२० मध्ये सुरू केली. ज्या यूपीआय ॲपवरून परवानगी दिली त्याच ॲपमधील ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट्स’ या विभागात ती तात्पुरती थांबवता किंवा कायमची रद्द करता येते. तिसरी वाट नॅच ही आहे. पूर्वीच्या ईसीएसची जागा घेणाऱ्या या व्यवस्थेत कर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते आणि म्युच्युअल फंडाच्या एसआयपी थेट खात्यातून जातात, आणि पासबुकात त्यांची नोंद बहुधा ‘एसीएच’ किंवा ‘नॅच’ या अक्षरांनी सुरू होते. हे मँडेट नेट बँकिंगमधून रद्द करण्याची सोय अनेक बँकांनी दिलेली आहे, आणि जिथे ती सापडत नाही तिथे शाखेत मँडेटच्या संदर्भ क्रमांकासह लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांसाठी हाच मार्ग अधिक भरवशाचा आहे, कारण शिक्का मारलेली पोच पुढे तक्रारीच्या वेळी पुरावा म्हणून उभी राहते.

गैरसमज: ओटीपी दिल्याशिवाय खात्यातून पैसे जाऊच शकत नाहीत.

हा समज एकेकाळी बऱ्याच अंशी खरा होता, म्हणूनच तो घट्ट रुजलेला आहे. रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने कार्डावरील आवर्ती व्यवहारांना, म्हणजे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा होणाऱ्या वसुलीला, २००० रुपयांपर्यंत दर वेळच्या ओटीपीतून सूट दिली. ही मर्यादा पुढे ५००० रुपये झाली, जून २०२२ मध्ये ती १५,००० रुपयांवर नेण्यात आली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंड व क्रेडिट कार्डाची बिले या तीन प्रकारांसाठी ती एक लाख रुपये करण्यात आली. याचा अर्थ असा की, नोंदणीच्या वेळी एकदा दिलेला ओटीपी हाच पुढील साऱ्या वसुलीचा आधार असतो, आणि ‘मोफत चाचणीसाठी एक रुपया भरा’ अशा सूचनेपाशी ग्राहक प्रत्यक्षात त्या एका रुपयाला नव्हे, तर मोठ्या रकमेच्या मँडेटला मान्यता देत असण्याची शक्यता असते. त्या पडद्यावर कमाल रक्कम, वारंवारिता आणि अंतिम तारीख या तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. त्या वाचण्यास लागणारे अर्धे मिनिट पुढची सारी धावपळ वाचवते.

याच परिपत्रकाने ग्राहकाच्या हाती एक साधन दिले आहे, ज्याचा वापर फार कमी होतो. पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी बँकेने संदेश पाठवला पाहिजे, त्यात व्यापाऱ्याचे नाव, रक्कम, कापण्याची तारीख आणि कारण असले पाहिजे, आणि ती एक वसुली किंवा संपूर्ण मँडेटच नाकारण्याची सोय असली पाहिजे, असे बंधन त्यात आहे. मँडेट केव्हाही मागे घेण्याची ऑनलाइन व्यवस्था देणे हेही बँकेवर बंधनकारक आहे, आणि या सोयीसाठी ग्राहकाकडून शुल्क घेता येत नाही. जाहिरातींच्या गर्दीत हा संदेश न वाचताच पुसला जातो, ही खरी अडचण आहे. फास्टॅगमध्ये आपोआप भरणा होतो तेव्हा मात्र ही पूर्वसूचना मिळत नाही, कारण २०२४ मध्ये त्याला या अटीतून सूट देण्यात आली.

गैरसमज: शिकवणी आवडली नाही, तर बँकेला सांगून हप्ते थांबवले की प्रश्न मिटतो.

नल्लकुंट्यात या गैरसमजाचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेसाठी गणित शिकवणाऱ्या चुक्का रामय्या यांच्या वर्गामुळे या वस्तीचे नाव तेलुगू प्रदेशभर पोहोचले, आणि त्या वर्गात प्रवेश मिळवण्यासाठीदेखील मुले वेगळी तयारी करीत. त्या काळातील फी हा पालक आणि शिकवणी यांच्यातील सरळ व्यवहार होता. आजच्या ऑनलाइन शिकवण्यांत मात्र अनेकदा तिसरा पक्ष असतो: शिकवणी कंपनी पूर्ण वर्षाची रक्कम एका वित्तसंस्थेकडून आधीच घेते, आणि पालक ज्याला ‘महिन्याची फी’ समजतात तो त्या वित्तसंस्थेच्या कर्जाचा हप्ता असतो. शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांसाठी प्रसिद्ध केलेल्या सूचनापत्रात, वर्गणी भरताना आपोआप पैसे कापण्याचा पर्याय टाळावा आणि आपल्याला माहिती नसलेल्या कोणत्याही कर्जासाठी नोंदणी करू नये, असे दोन्ही सल्ले दिले होते. त्यामागे हीच परिस्थिती होती.

फी आणि हप्ता यांतील फरक कायद्याच्या दृष्टीने मोठा आहे. नॅच मँडेट रद्द करण्याचा अधिकार पालकाला आहेच, परंतु मँडेट रद्द झाल्याने कर्ज रद्द होत नाही; थकबाकीची नोंद पतअहवालात जाते, आणि खात्यात पुरेशी रक्कम नसल्यामुळे हप्ता परत गेला, तर बँक व वित्तसंस्था या दोन्ही स्वतंत्र दंड आकारू शकतात. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ नुसार अपुऱ्या शिलकीमुळे इलेक्ट्रॉनिक हस्तांतरण नाकारले जाणे हा, धनादेश न वटण्याप्रमाणेच, गुन्हा ठरू शकतो. मात्र त्यासाठी ती रक्कम कायदेशीर देणे असावी लागते, आणि रीतसर नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे देण्याची संधी द्यावी लागते. त्यामुळे योग्य क्रम असा ठरतो की, आधी शिकवणी कंपनीला लेखी कळवून प्रवेश रद्द करावा, त्याची प्रत वित्तसंस्थेला पाठवून कर्ज बंद झाल्याचे पत्र मागावे, आणि ते मिळाल्यावरच मँडेट रद्द करावे. डिजिटल कर्जांना रिझर्व्ह बँकेने विचारमुदत ठेवणे बंधनकारक केले आहे, ज्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून कर्जातून दंडाशिवाय बाहेर पडता येते. मुलाने पहिल्या दोन-तीन तासिकांतच नापसंती दाखवली असेल, तर ही मुदत उलटली आहे का, हे त्याच दिवशी पाहणे महत्त्वाचे आहे.

काही वसुली घरच्यांच्या लक्षातच येत नाही, कारण ती वर्षातून एकदाच होते. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विमा योजनेचे २० रुपये मे महिन्याच्या अखेरीस कापले जातात. ते ‘चुकून कापलेले पैसे’ नसून कधीतरी भरलेल्या अर्जाचा परिणाम असतो, आणि विमा नको असल्यास त्यापूर्वी शाखेत लेखी कळवता येते. परंतु इतक्या अल्प रकमेत मिळणारे दोन लाखांचे संरक्षण सोडण्यापूर्वी घरात चर्चा व्हावी, हे बरे. मोबाइलच्या शिलकीतून जाणाऱ्या कॉलर ट्यूनसारख्या मूल्यवर्धित सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा निःशुल्क क्रमांक आहे.

गैरसमज: तक्रार केली की बँक पैसे परत देते.

अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांविषयी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाचा आधार अनेकजण घेतात, परंतु ते ज्या व्यवहारांना ग्राहकाची परवानगीच नव्हती त्यांच्यासाठी आहे. विसरलेली वर्गणी त्यात बसत नाही. उलट मँडेट रद्द केल्यानंतरही पैसे गेले असतील, तर ग्राहकाची बाजू भक्कम असते, आणि बँकेने ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. या सगळ्या खटपटीत इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर फोन करणे हा सर्वांत घातक मार्ग होय. वर्गणी रद्द करून देतो असे सांगून फोनचा पडदा पाहू देण्याची मागणी करणारा माणूस फसवणूक करीत असतो, आणि पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

कंपनीच रद्द करण्याची वाट अडवीत असेल, तर त्यावरही उपाय आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करण्यासाठी मुद्दाम रचलेली पडद्यावरील मांडणी, रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि तिच्या १३ प्रकारांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’चा, वर्गणीच्या सापळ्याचा, समावेश केला. रद्द करण्याची प्रक्रिया अशक्य किंवा लांबलचक करणे, ते बटण लपवणे, आणि मोफत सेवेसाठी पैसे कापण्याची परवानगी सक्तीने घेणे, हे सारे त्यात येते. जर्मनीने १ जुलै २०२२ पासून संकेतस्थळावर रद्द करण्याचे ठळक बटण सक्तीचे केले आहे. अमेरिकेत याच हेतूने केलेला नियम न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये प्रक्रियेतील त्रुटीमुळे रद्द केला, हे तिथे मुले असणाऱ्या घरांनी ध्यानात ठेवावे.

भारतात अशी तक्रार प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते. तिथे तोडगा न निघाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे, आणि कंपनी मुंबईची वा बंगळूरची असली तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगापुढे दाद मागता येते, त्यामुळे नल्लकुंट्यातील ग्राहकाला हैदराबाद सोडावे लागत नाही; ५ लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराच्या तक्रारीसाठी शुल्कही द्यावे लागत नाही.