उभ्या मोटारीचे इंजिन का थरथरते?

सिग्नलवर मोटार थांबलेली असते, गिअर न्यूट्रलमध्ये असतो आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसतो. तरीही स्टिअरिंग थरथरते, फेऱ्यांचा काटा खाली-वर होतो आणि इंजिन आता बंद पडेल की काय, अशी शंका येते. इंजिनाच्या या निर्भार चालीला ‘आयडलिंग’ म्हणतात. ती बिघडली, की अनेक वाहनधारक केवळ अंदाजाने एकामागून एक सुटे भाग बदलून घेतात. खर्च वाढत जातो, थरथर मात्र कायम राहते. दोषाचा शोध ठरावीक क्रमाने घेतल्यास हा खर्च टाळता येतो.

आयडलिंगलाच दोष का जाणवतो?

पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींचे इंजिन तापल्यानंतर आयडलिंगला मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेऱ्या घेते. प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनात ८०० फेऱ्यांच्या गतीला सेकंदाला सुमारे २७ वेळा ज्वलन घडते. एका सिलिंडरने साथ सोडली, तर दर चौथा ठोका हुकतो. गॅरेजच्या भाषेत यालाच ‘मिसिंग’ म्हणतात. इंजिन वेगात असताना फ्लायव्हीलच्या गतीमुळे ही उणीव झाकली जाते. मंद गतीत ती उघडी पडते.

दुसरे कारण हवेचे आहे. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असल्याने इंजिनात मुळातच थोडी हवा जाते. अशा वेळी एखाद्या नळीच्या बारीक चिरेतून शिरणारी हवाही हे प्रमाण बिघडवू शकते.

आधी निरीक्षण, मग दुरुस्ती

थरथर थंड इंजिनात होते की तापल्यावर, एसी सुरू केल्यावर वाढते का, गती वाढवताच नाहीशी होते का, याची नोंद ठेवावी. फेऱ्यांचा काटा स्थिर असून केवळ आसन व स्टिअरिंग हादरत असेल, तर ज्वलनाऐवजी इंजिनाचे माउंटिंग झिजले असण्याची शक्यता अधिक असते. तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडे कंपन स्वाभाविकच असते. ते पूर्वीपेक्षा वाढले आहे काय, हे पाहावे.

सीएनजी आणि पेट्रोल अशा दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या मोटारीत एक सोपी कसोटी आहे. थरथर केवळ सीएनजीवर होत असेल, तर आधी गॅसचा रेग्युलेटर, गॅसचे इंजेक्टर आणि स्पार्क प्लग तपासावेत. सीएनजीचे मिश्रण पेटविण्यास अधिक विद्युतदाब लागत असल्याने झिजलेला प्लग प्रथम तेथेच हार मानतो. दोन्ही इंधनांवर थरथर होत असेल, तर दोष हवा, ठिणगी किंवा इंजिनाच्या यांत्रिक भागांत शोधावा.

भारत स्टेज-४ मानकांच्या मोटारींत एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही दोष नोंदविणारी प्रणाली सक्तीची झाली. स्कॅनर जोडल्यास तिच्यातील संकेतांक वाचता येतात. पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकत आहे. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी व हवा जास्त आहे. मात्र संकेतांक लक्षण सांगतो, खराब भागाचे नाव नव्हे. पी ०१७१ दिसताच ऑक्सिजन सेन्सर बदलणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखे आहे.

तपासणीचा क्रम

प्रथम हवेचा मार्ग पाहावा. एअर फिल्टर तुंबला आहे काय, रबरी नळ्यांना चिरा पडल्या आहेत काय, कोठून ‘स्सss’ असा आवाज येतो काय, हे तपासावे. थ्रॉटल बॉडीत काजळी साचली असल्यास ती योग्य द्रावणाने स्वच्छ करून घ्यावी. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या अनेक मोटारींत सफाईनंतर आयडलिंगची नोंद नव्याने करावी लागते. ती न केल्यास चाल आणखी बिघडू शकते.

त्यानंतर ठिणगीकडे वळावे. निरोगी प्लगचे टोक फिकट तपकिरी असते. कोरडी काळी काजळी जादा इंधन किंवा दुर्बळ ठिणगी दर्शविते, तर तेलकट टोक सिलिंडरमध्ये तेल शिरत असल्याचे सुचविते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असल्यास, इंजिन बंद व थंड असताना संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावावी. संकेतांक पी ०३०२ चा पी ०३०३ झाला, तर दोष कॉइलमध्येच आहे, हे नवा भाग विकत न घेता सिद्ध होते.

यानंतर इंधनाचा दाब व इंजेक्टर तपासावेत. एकच सिलिंडर सतत चुकत असेल आणि कॉइल, प्लग व इंजेक्टर निर्दोष असतील, तर कॉम्प्रेशनची चाचणी अटळ ठरते. झडपा किंवा पिस्टन रिंगांची झीज तीतून कळते. हे काम कुशल मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

दुर्लक्ष नको

चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागल्यास ज्वलन गंभीररीत्या चुकत आहे, असे समजावे. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळते आणि तो महागडा भाग निकामी होऊ शकतो. अशा वेळी वेग कमी करून सुरक्षित जागी थांबावे. बंद जागेत इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये; कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन वायू प्राणघातक असतो. चालू इंजिनावर कॉइल किंवा तिची तार ओढू नये. पदर, ओढणी व सैल बाह्या पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर ठेवाव्यात.

गॅरेजमध्ये मोटार देताना आपल्या निरीक्षणांची नोंद सोबत द्यावी आणि भाग बदलण्यापूर्वी तो सदोष असल्याचे कोणत्या तपासणीतून दिसले, हे अवश्य विचारावे.