जुन्या ट्यूबलाइट आणि बॅटऱ्या : बांधाबांध नीट, तर नुकसान टळे

सडक अर्जुनीच्या आमच्या कापड दुकानात चार फुटी ट्यूबलाइट काढून एल.ई.डी. बसविले. उतरलेल्या नळ्या माळ्यावर गठ्ठ्यांमागे पडून राहिल्या. एके दिवशी दुकानातील पोराने साड्यांचा गठ्ठा ओढला आणि दोन नळ्या खाली येऊन फुटल्या. पंखा चालू होता. पोराने लगेच झाडू मारला. दोन्ही गोष्टी चुकल्या. ज्या साड्यांवर काच व पांढरी भुकटी पडली, त्या टाकून द्याव्या लागल्या. नुकसान झाले, पण तजुर्बाही मिळाला. तोच व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहे.

ट्यूबलाइट व सी.एफ.एल.मध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. नळी फुटताच त्याची वाफ होते आणि श्वासावाटे शरीरात जाते. मेंदू व मज्जातंतूंना तो घातक आहे. लहान मुलांना अधिक. म्हणून नळी फुटल्यास पंखा बंद करावा, दारे-खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे बाहेर थांबावे. मग झाडू न वापरता जाड पुठ्ठ्याने काचा गोळा कराव्यात, भुकटी चिकटपट्टीने उचलावी, ओल्या फडक्याने फरशी पुसावी आणि फडक्यासह सारे झाकणाच्या बरणीत बंद करावे.

साबूत नळ्या बांधण्याची सोय कापडवाल्याकडे आयतीच असते. ५८ इंची पन्ह्याचे कापड ज्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर गुंडाळून येते, त्यात ४८ इंची ट्यूबलाइट सहज मावते. एका नळकांड्यात एकच नळी घालावी, दोन्ही टोकांना चिंध्यांचे बोळे कोंबावेत आणि वर ‘काच – पारा’ असे लिहावे. उघड्या नळ्या चिकटपट्टीने एकत्र बांधू नयेत. सोडविताना त्या फुटतात.

बॅटऱ्यांचे प्रकार वेगळे, तशी बांधणीही वेगळी. इन्व्हर्टर व गाडीच्या बॅटरीत शिसे व गंधकाचे आम्ल असते. ती कधीही आडवी करू नये, आम्ल गटारात ओतू नये. दोन्ही टोकांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे बसवून ती प्लास्टिकच्या घमेल्यात उभी ठेवावी. आम्ल सांडलेच तर वर खाण्याचा सोडा टाकावा. आपल्यातील गॅरेज व भंगाराचे काम करणाऱ्या बांधवांनी बॅटरी फोडून शिसे वितळविण्याच्या फंदात पडू नये. शिशाची धूळ कपड्यांवरून घरी जाते आणि लेकरांच्या बुद्धीवर परिणाम करते. दोन पैशांच्या नफ्यासाठी हा सौदा महाग आहे.

मोबाइल, चार्जिंगची टॉर्च व इमर्जन्सी दिवे यांत बहुधा लिथियमची बॅटरी असते. तिची दोन टोके किल्ली-टाचणीला लागली तरी आग पेटू शकते, आणि कापड दुकानात ठिणगी म्हणजे काय, हे सांगायला नको. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती वेगळ्या प्लास्टिक पिशवीत ठेवावी. पत्र्याचा डबा वापरू नये. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नये. कोरड्या वाळूच्या मडक्यात, दुकानाबाहेर सावलीत ठेवावी आणि लवकर सोपवावी.

हा माल द्यावा कोणाला? बॅटरीबाबतचे नियम २०२२ साली आले. ई-कचऱ्याचे नवे नियम, ज्यांत पाऱ्याचे दिवेही येतात, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुना माल गोळा करून पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून नवी बॅटरी घेताना जुनी त्याच विक्रेत्याला द्यावी व पावती घ्यावी. बाकी माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे किंवा त्याच्या संकलकाकडेच द्यावा.

दोन नळ्यांसाठी आपल्या गावापर्यंत कोणी गाडी पाठविणार नाही. तेव्हा पाच-सहा दुकानदारांनी मिळून नळ्या एका कोरड्या, कुलुपाच्या खोलीत जमवाव्यात, वहीत नग व तारीख लिहावी आणि एकदम बोलावणे करावे. उधारीचा हिशेब आपण चोख ठेवतो. एवढी वही ठेवणे काही जड नाही.