फारकत, वर्गणी आणि दिलेला शब्द : ब्रिटनच्या संघत्यागातील देण्याचा प्रश्न

एखाद्या राष्ट्राने आंतरराष्ट्रीय संघाचे सदस्यत्व सोडले, तर सदस्य असताना अंगावर घेतलेली देणी त्याने फेडावीत काय, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा आणि हिशेबाचा आहे. परंतु ब्रिटनने युरोपीय संघ सोडताना या प्रश्नावर जो वाद झाला तो बारकाईने पाहिला असता असे आढळते की, आकड्यांइतकाच तो शब्दांचा आणि रूपकांचाही वाद होता. 'देणे' कशाला म्हणावयाचे हे ठरल्यावाचून 'किती द्यावयाचे' हे ठरत नव्हते. आणि देणे कशाला म्हणावयाचे हे, परस्परसंबंधाला कोणता पक्ष कोणत्या रूपकात बसवतो यावर अवलंबून होते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हे प्रकरण महत्त्वाचे वाटावे ते याच कारणाने.

तीन संहिता

आंतरराष्ट्रीय संघटनांच्या घटनांमध्ये सदस्यत्यागाविषयी काय लिहिले आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. या बाबतीत तीन संहिता शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत.

पहिली राष्ट्रसंघाची. राष्ट्रसंघाच्या सनदेतील पहिल्या कलमानुसार दोन वर्षांची पूर्वसूचना देऊन सदस्याला बाहेर पडता येत असे. मात्र बाहेर पडण्याच्या वेळी त्याची सर्व आंतरराष्ट्रीय बंधने आणि सनदेखालील बंधने पूर्ण झालेली असली पाहिजेत, अशी अट होती. म्हणजे आधी फेड, मग सुटका. ही अट पूर्ण झाली की नाही, हे कोणी ठरवावयाचे याविषयी मात्र ते कलम काही सांगत नाही. १९३३ मध्ये जपान व जर्मनी यांनी बाहेर पडण्याच्या सूचना दिल्या, तेव्हा त्यांना थोपवून धरण्याचे कोणतेही साधन राष्ट्रसंघाच्या हाती नव्हते.

दुसरी संहिता युनेस्कोच्या घटनेची. तिच्या दुसऱ्या कलमातील तरतूद अधिक व्यवहारी आहे. सूचना दिल्यानंतरच्या वर्षी ३१ डिसेंबरला सदस्यत्याग अमलात येतो. परंतु त्या तारखेला जी आर्थिक देणी असतील त्यांवर या त्यागाचा परिणाम होत नाही. येथे सुटका आणि फेड या दोन क्रिया एकमेकींपासून वेगळ्या केल्या आहेत. जाणाऱ्याला अडवावयाचे नाही, पण खाते बंद झाले असेही मानावयाचे नाही.

तिसरी संहिता युरोपीय संघाच्या कराराचे कलम ५०. लिस्बन करारान्वये ते १ डिसेंबर २००९ पासून अमलात आले. सदस्याने सूचना द्यावी, संघाने त्याच्याशी वाटाघाटी करून करार करावा, आणि करार न झाल्यास सूचनेपासून दोन वर्षांनी सर्व संस्थापक करार त्या राष्ट्राला लागू होण्याचे थांबावे, एवढे त्यात सांगितले आहे. पैशाविषयी त्यात एक शब्दही नाही.

मौनाचे दोन अर्थ

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला आणि २९ मार्च २०१७ रोजी ब्रिटनने अधिकृत सूचना दिली. तेव्हापासून कलम ५० मधील या मौनाचा अर्थ लावण्याची चढाओढ सुरू झाली.

ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌समधील एका समितीने मार्च २०१७ मध्ये असा निष्कर्ष काढला की, करार न होता दोन वर्षे उलटली तर संघाचा सर्व कायदा ब्रिटनपुरता संपुष्टात येईल आणि काहीही देण्याचे कायदेशीर बंधन उरणार नाही. मात्र असे केल्यास पुढील वाटाघाटींवर राजकीय परिणाम होतील, हेही समितीने नोंदविले. या वाचनात मौन म्हणजे मुक्तता.

याच्या उलट वाचनाला १९६९ च्या व्हिएन्ना करारविषयक संकेताचा आधार होता. त्याच्या ७० व्या कलमाप्रमाणे, करारातच वेगळे काही म्हटले नसेल तर करार संपल्यावर पुढील पालनाचे बंधन संपते. पण तो अमलात असताना त्यातून निर्माण झालेले हक्क, बंधने वा कायदेशीर स्थिती यांना बाधा येत नाही. कराराचा त्याग करणाऱ्या पक्षालाही हाच नियम लागू होतो. या वाचनात मौन म्हणजे पूर्वस्थितीचे सातत्य. एकाच मौनातून दोन परस्परविरोधी अर्थ निघतात, हा अनुभव संहितेच्या वाचकाला नवा नाही. येथे फरक एवढाच की, प्रत्येक अर्थाची किंमत अब्जावधी युरोंची होती.

देणे निर्माण कसे होते

हा वाद समजण्यासाठी संघाच्या अर्थसंकल्पाची रीत ध्यानात घेतली पाहिजे. संघाचा खर्च सात वर्षांच्या चौकटीत आखला जातो. प्रस्तुत संदर्भातील चौकट २०१४ ते २०२० या काळाची होती आणि तिला ब्रिटनसह सर्व सदस्यांची एकमताने संमती होती. प्रत्येक वर्षाच्या अर्थसंकल्पात दोन प्रकारच्या रकमा असतात : एक, ज्यांचे वचन दिले जाते, दुसरी, जी त्या वर्षी प्रत्यक्ष अदा होते. रस्ता, रेल्वेमार्ग किंवा संशोधनप्रकल्प मंजूर होतो त्या वर्षी वचन नोंदले जाते. काम जसे पुरे होईल तसे पैसे पुढील अनेक वर्षांत दिले जातात. त्यामुळे दिलेल्या वचनांची आणि झालेल्या अदायगीची तफावत सतत साचत राहते. संघाच्या परिभाषेत तिला 'रेस्त आ लिकिदे', म्हणजे 'चुकते करावयाचे राहिलेले', असे फ्रेंच नाव आहे.

निवृत्तिवेतनाची स्थितीही अशीच आहे. संघाच्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळा साठविलेला निधी नाही. प्रत्येक वर्षीचे निवृत्तिवेतन त्या वर्षीच्या अर्थसंकल्पातून दिले जाते. ज्यांनी ब्रिटनच्या सदस्यत्वाच्या काळात नोकरी केली, त्यांचे निवृत्तिवेतन देण्याची वेळ पुढील अनेक दशकांत यावयाची होती. म्हणजे 'थकबाकी' हा शब्द येथे नेमका बसत नाही. मुदत टळून गेलेली रक्कम म्हणजे थकबाकी. येथील रकमांची मुदत अजून आलेलीच नव्हती. शब्द मात्र आधीच दिला गेला होता. वादाचे मूळ या भेदात आहे.

रूपकांची अदलाबदल

सार्वजनिक चर्चेत दोन रूपके प्रभावी ठरली. एक क्लबाचे, दुसरे घटस्फोटाचे.

क्लब सोडणारा सदस्य पुढील वर्षाची वर्गणी देत नाही. पण जाताना दिवाणखान्यातील खुर्चीही उचलून नेत नाही. घटस्फोटात मालमत्ता आणि कर्ज या दोहोंची वाटणी होते. प्रत्येक रूपक आपापल्या परीने सुसंगत आहे. परंतु वादातील पक्षांनी एकच एक रूपक अखेरपर्यंत धरले नाही. देण्याची गोष्ट निघाली की ब्रिटनमधील अनेक वक्ते क्लबाची भाषा बोलत : सदस्यत्व संपले, वर्गणी संपली. संघाच्या इमारती, ठेवी आणि गुंतवणूक यांची गोष्ट निघाली की तेच वक्ते घटस्फोटाची भाषा बोलत : इतकी वर्षे आम्ही पैसे भरले, आमचा हिस्सा द्या. संघाच्या बाजूचा कल नेमका उलटा होता. देण्यांच्या बाबतीत वाटणी, आणि मालमत्तेच्या बाबतीत मात्र ती संघाची, सदस्यांची नव्हे, अशी भूमिका. दोन्ही पक्ष आपल्या सोयीप्रमाणे रूपक बदलीत होते. म्हणूनच एकाचे म्हणणे दुसऱ्याला अप्रामाणिक वाटत होते.

युरोपीय आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष जाँ-क्लोद युंकर यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये लक्झेंबर्ग येथे विद्यार्थ्यांसमोर तिसरे रूपक मांडले. मद्यगृहात अठ्ठावीस पेले बिअर मागविली आणि एक सोबती पैसे न देता उठून गेला, तर ते चालणार नाही, असा त्यांचा आशय होता. हे रूपक अधिक नेमके आहे, कारण त्यात मालमत्तेचा किंवा वर्गणीचा प्रश्नच नाही. केंद्रस्थानी आहे ती मागणी नोंदविण्याची क्रिया. तरीही ते अपुरे पडते. वादातील बरीचशी बिअर अजून पेल्यात ओतलेलीच नव्हती, आणि ती पिणारे लोक बहुतांशी त्या टेबलाशी बसलेलेच नव्हते.

येथे मराठीतील दोन शब्दांची तुलना उपयोगी ठरते. 'काडीमोड' या शब्दात संबंध तुटण्याची क्रिया आहे. हिशेबाची सूचना नाही. 'फारकत' हा शब्दही विवाहविच्छेदासाठी वापरला जातो; परंतु जुन्या व्यवहारात त्याचे मूळ रूप 'फारखत' म्हणजे आपला दावा उरलेला नाही असे लिहून देणारा कागद. एका शब्दात तुटणे आहे, दुसऱ्यात मोकळे होणे. ब्रिटनमधील संघविरोधी मताला काडीमोड हवी होती. संघाला फारकत हवी होती. इंग्रजी वृत्तपत्रांनी रूढ केलेल्या 'डिव्होर्स बिल' या प्रयोगात हा भेद पुसला गेला आणि न्याय्य हिशेब हा एखाद्या दंडासारखा भासू लागला.

रूपकाविना लिहिलेला करार

२२ सप्टेंबर २०१७ रोजी फ्लॉरेन्स येथील भाषणात पंतप्रधान थेरेसा मे यांनी सदस्यत्वाच्या काळात स्वीकारलेली बंधने ब्रिटन पाळील, असे जाहीर केले. ८ डिसेंबर २०१७ च्या संयुक्त अहवालात तीन तत्त्वे ठरली : ब्रिटनच्या जाण्यामुळे कोणत्याही सदस्याला अधिक द्यावे लागू नये किंवा कमी मिळू नये, सदस्य असताना घेतलेल्या बंधनांतील आपला वाटा ब्रिटनने द्यावा, आणि सदस्य राहिला असता तर द्यावे लागले असते त्याहून अधिक वा त्याआधी ब्रिटनला द्यावे लागू नये. ब्रिटिश सरकारने त्या वेळी एकूण रकमेचा अंदाज ३५ ते ३९ अब्ज पौंड असा दिला.

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडला. संघत्यागाच्या कराराच्या पाचव्या भागात आर्थिक तरतुदी आहेत. चोवीस भाषांतील सर्व पाठ सारखेच प्रमाण मानलेल्या या करारात एकूण रक्कम कोठेही लिहिलेली नाही. क्लब नाही, घटस्फोट नाही, बिलही नाही. आहेत त्या केवळ बंधनांच्या जाती, तारखा आणि वाटा काढण्याची रीत. २०२० अखेरपर्यंत दिलेली वचने जसजशी देय होतील तसतसा ब्रिटनने आपला वाटा द्यावयाचा. युरोपीय गुंतवणूक बँकेत ब्रिटनने प्रत्यक्ष भरलेले सुमारे ३.५ अब्ज युरोंचे भांडवल बारा हप्त्यांत परत मिळावयाचे. बँकेच्या साचलेल्या नफ्यात मात्र वाटा नाही. ब्रिटनमधील ज्या संशोधकांना व संस्थांना जुन्या चौकटीतून अनुदान मंजूर झाले होते, त्यांनाही प्रकल्प संपेपर्यंत ते मिळत राहावयाचे. रक्कम न लिहिल्यामुळे अंदाजांतील मतभेद उरले. संघाच्या २०२० च्या हिशेबपत्रकात ब्रिटनकडून येणे ४७.५ अब्ज युरो दाखविले गेले, तर ब्रिटनने आपला आधीचाच अंदाज पुढे केला. परंतु तत्त्वाविषयीचा वाद मिटला होता.

फेडण्याचे कारण

युनेस्कोचे उदाहरण याच्याशी ताडून पाहावे. २०११ मध्ये पॅलेस्टाइनला सदस्यत्व मिळाल्यावर अमेरिकेने वर्गणी थांबविली आणि २०१८ च्या अखेरीस ती संघटनेबाहेर पडली. घटनेतील कलम सुस्पष्ट असूनही देणे तसेच राहिले. २०२३ मध्ये अमेरिकेला परत यावयाचे होते, तेव्हाच सुमारे ६१.९ कोटी डॉलरची बाकी फेडण्याचे तिने मान्य केले. पुढे जुलै २०२५ मध्ये तिने पुन्हा, डिसेंबर २०२६ अखेर बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. म्हणजे बोलक्या कलमाचे देणे वर्षानुवर्षे थकले, आणि मुक्या कलमाचे देणे मान्य झाले. याचे व्यावहारिक कारण उघड आहे : ब्रिटनला त्याच शेजाऱ्यांशी लगेच व्यापाराचा करार करावयाचा होता. ज्याला पुन्हा त्याच दारी जावयाचे आहे, तो हिशेब मोडीत नाही.

पण हितसंबंधामुळे देणे फेडले जाते, एवढ्याने ते देणे का ठरते हे सिद्ध होत नाही. त्याचे उत्तर वर सांगितलेल्या भेदात आहे. वर्गणी ही संघ आणि सदस्य यांच्यातील बाब. ती सदस्यत्वाबरोबर संपावी हे योग्यच. मंजूर झालेला रस्ता, सुरू झालेले संशोधन, केलेल्या नोकरीचे निवृत्तिवेतन यांत मात्र तिसरा माणूस गुंतलेला असतो. त्याने दिलेल्या शब्दावर विसंबून आपले काम केलेले असते, आणि शब्द देणाऱ्यांनी पुढे एकमेकांशी संबंध ठेवावा की न ठेवावा यात त्याचे मत कोणी विचारलेले नसते. म्हणून बाहेर पडणाऱ्या राष्ट्राने पुढची वर्गणी देऊ नये, परंतु सदस्य असताना दिलेला शब्द पुरा करावा, हीच न्याय्य मर्यादा ठरते. २०२० च्या कराराने ती आखली, आणि त्यासाठी दोन्ही पक्षांना आपापली रूपके बाजूला ठेवावी लागली.