तापल्यावर ठिणगी कुठे जाते?

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली जुनी प्रीमियर पद्मिनी सकाळी एका चावीत सुरू होते, तापली की सिग्नलवर बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा चालते. अशा वेळी बहुतेक जण आधी कार्ब्युरेटर खोलतात. त्याआधी ठिणगी पाहावी, आणि तीही गाडी बंद पडलेली असतानाच. थंड इंजिनात हा दोष लपून राहतो.

प्लग काढून वायरला जोडा, त्याचं धातूचं अंग इंजिनला टेकवा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. वायर उघड्या हाताने धरू नका, जवळ पेट्रोल नको. ठिणगी निळसर, कडक हवी. पिवळट, मरतुकडी दिसली तर कॉइल, कंडेन्सर किंवा पॉइंटवर संशय घ्या.

पॉइंट उघडताच कॉइलच्या जाड तारेतला प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत सुमारे २०,००० व्होल्ट तयार होतात. उष्णतेने इन्सुलेशन कमजोर झालं की ही वीज आतल्या आतच निसटते. कंडेन्सर गेला असेल तर मात्र पॉइंट करपलेले दिसतात. तो भाग स्वस्त आहे, आधी तोच बदला. आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नका: पॉइंट मिटलेले असले तर कॉइल नुसती तापत राहते.