इंजिन वाढलं, पंखा कोणता?

स्पीडबोटीवर १५०ऐवजी २०० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड चढवलं आणि १७ इंच पिचचा जुनाच पंखा ठेवला, तर फुल थ्रॉटलला इंजिन मर्यादेपलीकडे फिरू लागतं. मग रेव्ह लिमिटर लगाम खेचतो आणि वाढवलेली ताकद वाया!

पिच म्हणजे न घसरता पंखा एका फेऱ्यात कापेल ते अंतर. ते इंचभर वाढवलं की साधारण १५० ते २०० आरपीएम उतरतात. मर्क्युरीच्या २०० हॉर्सपॉवर व्ही-६ फोरस्ट्रोकसाठी फुल थ्रॉटलचा पट्टा ५,००० ते ५,८००. काटा ६,०००वर गेला, तर १९ इंची पंखा तो ५,६००च्या आसपास आणतो.

पिच फार वाढवला, तर इंजिन दबतं आणि बोट प्लेनवर, म्हणजे पाण्यावर उचलून सरकत धावण्याच्या स्थितीत, यायला रडते.

जादा ताकदीखाली अ‍ॅल्युमिनियमची पाती वाकतात. स्टेनलेस स्टील ताठ राहतं. चाचणी मात्र नेहमीची माणसं आणि इंधन भरूनच घ्यावी.