नांगर विकत घेईल का कुणी?

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) : फसलेले आणि जमलेले

• चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. रंगांधळेपणामुळे रंग सुटले, यांत्रिक ड्रॉइंग हाती आले.

• पुढे व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक. बढती डावलली गेली, नोकरीला रामराम.

• १८८८ : बेळगावात सायकलींचे दुकान. भागीदार, थोरले बंधू रामुअण्णा. पुढे कडबा कापण्याचे यंत्र.

• लोखंडी नांगर : लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी नांगर मातीचा थर उलटा पाडतो, तण खाली गाडले जाते. तरीही गिऱ्हाईक नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, हा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली.

• १९१० : बेळगावची जागा सोडावी लागली. औंध संस्थानाने कुंडलजवळ माळरान दिले. तिथेच किर्लोस्करवाडी, आजच्या सांगली जिल्ह्यात.

धंदा अडचणीत येतो तेव्हा : फरक लक्षात घ्या

तोटा : खर्च उत्पन्नाहून जास्त, धंदा चालू राहू शकतो.
रोकडटंचाई : कागदावर नफा, पण उधारी वसूल नाही.
दिवाळखोरी : देणी भागत नाहीत. कंपन्यांसाठी २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता.